पागोळीखालच्या कुंड्या : शिवाजी पेठेतल्या बर्ड्स नेस्ट फर्नचं प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला जुना दुमजली वाडा. मधे चौक, चौकात तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंना सोपा, म्हणजे ओसरी, आणि पश्चिमेला अलीकडे टाकलेली पत्र्याची पडवी. चौकावर उन्हासाठी आणि कावळ्यांसाठी म्हणून हिरवी शेडनेट ताणलेली, ७५ टक्के सावलीची. या घरातल्या वहिनींनी बर्ड्स नेस्ट फर्नच्या अकरा कुंड्या एकदमच आणल्या. सावलीत येणारं, काटे नाहीत, फुलांचा कचरा नाही, एवढ्या तीन गोष्टी ऐकून घेतलेली रोपं. सात कुंड्या सोप्याच्या कडेनं ओळीत आणि चार पडवीत पत्र्याखाली ठेवल्या. पहिला पावसाळा आणि हिवाळा बरा गेला. एप्रिलमध्ये पानं करपायला लागली तेव्हा मला निरोप आला.

"दादा, पाणी तर रोज न चुकता घालतोय मी. एक दिवस खाडा नाही. मग करपायला काय झालंय वं याला?" वहिनींचा पहिला प्रश्न.

प्रश्न रास्त होता. सावली आहे, पाणी आहे, खत आहे. नेच्याला, म्हणजे फर्नला, आणखी काय लागतं? या झाडाबद्दलचा घोळ इथेच सुरू होतो. नेचा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठची ओली दरड येते. बर्ड्स नेस्ट फर्न, शास्त्रीय नाव अस्प्लेनियम नायडस, हे मुळात जमिनीवरचं झाड नव्हे. पूर्व आफ्रिकेपासून आशियाच्या उष्ण पट्ट्यातून पॅसिफिक बेटांपर्यंत ते दमट जंगलात झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत आणि खडकांवर वाढतं. पानांचा गोल द्रोण करतं, वरून पडणारा पालापाचोळा त्यात झेलतं आणि तो कुजला की त्यावर जगतं. गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या वाटेवर झाडांच्या खोडांना चिकटलेलं बाशिंग ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तोही एक नेचाच आणि तोही पाचोळा साठवून पोट भरतो. अशा झाडाच्या मुळांना ओल हवी असते, पण तिच्याबरोबर हवाही तितकीच हवी असते. झाडावर पाऊस पडतो, निथळतो, वारा लागतो. कुंडीत मातीच्या गोळ्यात यातलं काहीच घडत नाही.

एप्रिलमध्ये मी पानांकडे बघण्याआधी तुळशीकडे बघितलं. उंच, काटकुळी, दोन पेरांत बोटभर अंतर. म्हणजे चौकात उजेड कमी होता. शेजारी तीन मजली इमारत झाल्यावर सकाळचं ऊन गेलंच होतं, त्यात ही दाट नेट. दिवा न लावता दुपारी सोप्यात वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. बर्ड्स नेस्टला थेट ऊन सोसत नाही, पानांवर पांढुरके चट्टे उठतात, हे खरं. पण सावली म्हणजे थेट ऊन नको, उजेड मात्र भरपूर हवा. उजेड कमी पडला की झाड पाणी कमी ओढतं. मग रोज घातलेलं पाणी कुंडीतच राहतं.

आता पानं. सोप्यातल्या सात कुंड्यांत करपण्याचं प्रमाण थोडं होतं, पत्र्याखालच्या चार मात्र वाईट. सगळीकडे डागाचा आकार सारखाच : पानाच्या टोकापासून आणि कडेनं तपकिरी, कुरकुरीत पट्टी, मधला भाग हिरवा. शिरांचा आणि त्या पट्टीचा काही संबंध नाही. जुनी पानं जास्त, नवी कमी. या आकाराचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. पानाच्या कडेपर्यंत पाणी पुरेसं पोचत नाही किंवा पाण्याबरोबर आलेले क्षार कडेला साचून तिथल्या पेशी जाळतात. इथं दोन्ही चाललं होतं.

मातीच्या कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर चढला होता. वहिनी त्याला बुरशी समजत होत्या. नखानं खरवडला तर खडूसारखी पूड निघाली. पाणी कुठलं, विचारलं. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, झाडांना बोअरचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावलं : बोअरचं पाणी ९०० पीपीएमच्या पुढं, नळाचं दीडशेच्या आत. कोल्हापूर बसलंय काळ्या पाषाणावर. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड लागतं, डाळ शिजायला वेळ घेतं. जास्वंद, बोगनवेल असल्या पाण्यावर तक्रार करत नाहीत. नेच्यांना मात्र क्षार सोसत नाहीत आणि पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या या जातीला तर मुळीच नाही. त्यात महिन्याला चमचाभर रासायनिक खत कोरडंच मुळाशी टाकलं जात होतं. पाणी उडून जायचं, क्षार मागं राहायचे.

पत्र्याखालच्या चार कुंड्यांना याशिवाय हवेनं मारलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये कोल्हापूरची दुपार कोरडी असते. पावसाळ्याच्या आठवणीमुळे आपण आपल्या शहराला दमट समजतो, पण समुद्र आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. दुपारी तीनच्या सुमारास पडवीत आर्द्रतामापकाचा आकडा तिशीच्या खाली गेला होता. डोक्यावर चार हातांवर तापलेला पत्रा. वहिनी दिवसातून तीनदा स्प्रे मारत होत्या. या स्प्रेबद्दल माझं मत स्पष्ट आहे : तो झाडापेक्षा माणसाच्या समाधानासाठी असतो. असल्या हवेत पानावरचा तुषार पाच-दहा मिनिटांत उडतो आणि पाणी जड असेल तर पानावर पांढरे ठिपके तेवढे ठेवून जातो. त्यापेक्षा चौकाची शहाबादी फरशी दुपारी दोनदा भिजवावी आणि कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात. फरशी दोन-तीन तास ओल सोडत राहते.

उन्हाळ्यापुरतं जे सुचवलं ते थोडक्यात असं. पत्र्याखालच्या कुंड्या सोप्यात आणायच्या. ७५ची नेट काढून ५०ची लावायची. बोअरचं पाणी बंद, नळाचं रात्री भरून ठेवलेलं पाणी द्यायचं. खत पूर्ण थांबवायचं. आणि एकदा प्रत्येक कुंडी न्हाणीत नेऊन तिच्या मापाच्या तिप्पट नळाचं पाणी हळूहळू ओतून खालून जाऊ द्यायचं, म्हणजे साचलेले क्षार धुऊन निघतात. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, हे आधीच सांगितलं. दिसायला वाईट वाटत असेल तर तेवढी कड कात्रीनं कापावी, हिरव्या भागात न शिरता. सगळं पान काढायची घाई नको. अर्धं हिरवं पानही झाडाला पोसतं.

कुंड्या बदलायचं त्या वेळी ठरलं नाही. रोपांच्या मुळाशी नर्सरीतून आलेला चिकट लाल मातीचा गोळा तसाच होता. तो काढायला हवा होता, पण चाळीसच्या जवळ गेलेल्या पाऱ्यात मुळं उघडी करणं म्हणजे झाडाला दुसरा धक्का. वळवाचे एक-दोन पाऊस होऊन हवा मऊ झाली की करू, असं बोलणं झालं. मे महिना लग्नसराईत गेला आणि कुंड्या राहिल्या त्या राहिल्या.

जुलैत दुसरा निरोप आला आणि या वेळी प्रकरण वेगळंच होतं.

मधल्या काळात घरातल्या तात्यांनी झाडांची जबाबदारी घेतली होती. त्यांची शेती करवीर तालुक्यात, ऊस आणि थोडं भात. शेतासाठी जीवामृत होतंच : शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. उसाला चालतं ते याला का नाही, म्हणून दर आठवड्याला तांब्याभर जीवामृत प्रत्येक झाडाच्या द्रोणात, अगदी मधोमध. हेतू चांगला आणि तर्कही चुकीचा म्हणता येणार नाही. जंगलात द्रोणात पाचोळा पडतोच की. फरक एवढाच, की कोरडी पानं हळूहळू कुजतात, त्यांतून पाणी निथळतं, वारा खेळतो. शेणा-गुळाचा काला मात्र जुलैच्या दमट, बंद सोप्यात आंबतो. सोप्यातल्या दोन रोपांचा मधला कोंब काळा, मऊ पडून हाताला लागत होता. वास आंबूस. मुंग्याही आल्या होत्या.

बर्ड्स नेस्टमध्ये ही सगळ्यात वाईट जागा. बोस्टन फर्नला धावते कोंब असतात, मधला भाग गेला तरी बाजूनं फुटतो. बर्ड्स नेस्टला एका रोपाला वाढीचा एकच बिंदू, द्रोणाच्या तळाशी. तो कुजला की वरची पानं दोन-तीन महिने हिरवी दिसतात, पण नवं पान येणार नसतं. त्या दोन्ही रोपांबद्दल मी तिथंच सांगितलं, यांच्यावर औषध घालू नका. तात्यांना पटलं नाही, त्यांनी एकावर बुरशीनाशक मारून पाहिलं. सप्टेंबरपर्यंत दोन्ही गेली.

याच भेटीत आजींनी तिसराच मुद्दा काढला. एका धडधाकट झाडाचं पान उलटं करून दाखवलं : पाठीवर मधल्या शिरेपासून कडेकडे निघालेल्या बारीक तपकिरी रेघा, एकीला एक समांतर. "ही कीड हाय बाळा, बघ कशी रांगेनं बसलीया. मी म्हणतोय राकेलचा बोळा फिरवा, तर कोण ऐकतंय!" कोणी ऐकलं नाही ते बरं झालं. त्या रेघा म्हणजे नेच्याचे बीजाणू. झाड वयात आल्याची खूण. खवले कीड असती तर कुठंही, वेड्यावाकड्या जागी बसली असती आणि नखानं एकेक टिकली सुटली असती. इतकी शिस्त किडीला नसते. आणखी एक : पान चमकावायचं तेल, राकेल, भांड्याच्या साबणाचं दाट पाणी यांतलं काहीही नेच्याच्या पानाला लावू नये. या पानांना ते सोसत नाही, डाग पडतात आणि नव्या पानांची वाढ वाकडी होते.

खरा प्रश्न पुढच्या तीन कुंड्यांचा होता. सोप्याच्या अगदी कडेला, पागोळीखाली ठेवलेल्या. कौलांवरून पडणारं पाणी फरशीवर आपटून त्यांच्या पानांवर उडत होतं. या तीनही झाडांवर काळपट तपकिरी पट्टे होते, पण एप्रिलसारखे कडेला नव्हते. पानाच्या बुडापासून सुरू होऊन वर सरकत गेलेले, आणि प्रत्येक पट्टा दोन शिरांच्या मधे बांध घातल्यासारखा कापलेला. एका शिरेपाशी काळं संपतं, पलीकडे हिरवं. नव्या पट्ट्यांच्या कडा ओल्या, पाणी शोषलेल्या दिसत होत्या.

घरातल्यांनी याला उन्हाळ्यातलाच करपा समजून बोअरचं पाणी कोणी घातलं का, याची चौकशी केली होती. पण क्षारानं करपलेलं पान बाहेरून आत येतं, हे आतून बाहेर जात होतं. जिवाणूंचा ठिपका असता तर गोल, अर्धपारदर्शक, शिरा ओलांडून पसरणारा असता. शिरांच्या चौकटीत राहणारा डाग बघून माझा संशय पानातल्या सूत्रकृमीवर गेला. अफेलेन्कॉइडिस फ्रॅगारी नावाचा हा कृमी मिलिमीटरपेक्षा लहान, पारदर्शक, पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत रंध्रांतून आत शिरतो. आत जाडसर शिरा त्याला सहज ओलांडता येत नाहीत, म्हणून डाग त्यांच्यामध्ये अडकतो. बर्ड्स नेस्ट हे त्याच्या आवडत्या यजमानांपैकी एक.

हे नुसतं डोळ्यांनी ठरवून औषधं मारण्यात अर्थ नसतो. तपासायची रीत सोपी आहे. डागाच्या कडेचा, जिथं काळं आणि हिरवं भेटतं तो, भाग कापून घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करून स्वच्छ पाण्यात काचेच्या वाटीत काही तास ठेवायचे. कृमी असतील तर पाण्यात बाहेर येतात. एका परिचित शिक्षकांच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली वाटीच्या तळाचा थेंब ठेवला, आणि त्यात वळवळणारे धागे दिसले. तात्यांनीही डोळा लावून पाहिलं. त्यानंतर घरात औषधाचा आग्रह कोणी धरला नाही.

कारण यावर घरगुती कुंडीसाठी द्यावं असं औषध माझ्याकडे नाही. बुरशीनाशकाचा उपयोग नाही, कारण ही बुरशी नव्हे. पानाच्या आत बसलेल्या कृमीपर्यंत नीमतेलाचा फवारा पोचत नाही. तीनपैकी दोन झाडांचं द्रोणाचं बूडच भरलेलं होतं. ती मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर काढली. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायला तात्या निघाले होते, त्यांना थांबवलं. वाळलेल्या पानातही हा कृमी बराच काळ तग धरतो. तिसऱ्या झाडाची डाग असलेली सगळी पानं बुडापासून कापली आणि ते झाड माडीवरच्या गॅलरीत, इतरांपासून दूर, पाऊस लागणार नाही अशा जागी नेलं. तिथं नियम एकच : पानावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. पाणी द्यायचं ते कुंडीच्या कडेनं मातीवर.

हा कृमी बहुधा नर्सरीतूनच रोपांबरोबर आला असणार. उन्हाळ्यात पानं कोरडी, म्हणून तो दबून राहिला. पागोळीच्या शिंतोड्यांनी त्याला या पानावरून त्या पानावर जायला वाट करून दिली. सोप्याच्या आतल्या बाजूच्या, शिंतोडे न लागणाऱ्या कुंड्यांत एकही पट्टा नव्हता. माझ्या लेखी सगळ्या प्रकरणातला हाच पुरावा सर्वांत बोलका. एकच घर, एकाच वेळी आणलेली रोपं, एकच पाणी, एकच खत. फरक फक्त कुंडी कुठं ठेवली याचा.

मग कुंड्या बदलण्याचं काम अखेर जुलैच्या शेवटी, उघडीप बघून झालं. उरलेल्या सहा रोपांची माती पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू सोडवली. मुळं बघून वहिनी घाबरल्या : गडद तपकिरी, केसाळ, मऊ काथ्यासारखी. पांढरं मूळ म्हणजे जिवंत मूळ, हा आपला हिशेब इथं चालत नाही. अस्प्लेनियमची निरोगी मुळंही तपकिरी आणि लोमश असतात. दाबून पाहायचं. ताठ, चिवट असेल तर जिवंत आणि साल सुटून आत दोरा राहिला तर मेलेलं. दोन कुंड्यांत एकेकच्या जागी तीन-तीन छोटी रोपं दाटीनं लावलेली निघाली. कुंडी भरलेली दिसावी म्हणून हे करतात. ती वेगळी केली, त्यामुळे गेलेल्यांची थोडी भरपाई झाली.

नव्या मिश्रणात माती नव्हतीच म्हटलं तरी चालेल. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निम्मे, तेही दोन दिवस पाणी बदलत भिजवून, कारण सोडणातही क्षार असतात. त्यात लाकडी कोळशाचे आणि विटेचे तुकडे, आणि चाळलेलं पानखत. तात्यांनी गुऱ्हाळावरून चिपाड आणायची तयारी दाखवली होती. ताजं चिपाड मी वापरू देत नाही. ते कुजताना तापतं, बुरशी धरतं आणि कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचा नत्र खाऊन टाकतात. वर्षभर कुजलेलं असेल तर मूठभर चालेल. कुंडी आधीच्यापेक्षा दोन बोटांनीच मोठी घेतली, तीही मातीची. झाड लावताना द्रोणाचा तळ मिश्रणाच्या वर राहील असं पाहिलं, कोंब पुरला तर पुन्हा तेच दुखणं.

रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचायचं काम नातवाकडे गेलं. नवं पान वळी उलगडत वर येतं तेव्हा ते इतकं कोवळं असतं, की एका रात्रीत गोगलगाय त्याला भोक पाडते आणि पान मोठं होताना ते भोकही मोठं होतं. बोटानं चाचपल्यावरही डाग राहतो, हे नातवाला दोनदा सांगावं लागलं.

पाणी किती द्यायचं, यावर घरात सर्वांत जास्त वाद झाला. रोज, की दिवसाआड? दोन्ही नाही. वरच्या दोन बोटांचं मिश्रण हाताला कोरडं लागलं की कडेनं भरपूर पाणी द्यायचं, खालून निथळू द्यायचं, बशीत साठलेलं ओतून टाकायचं. ऑगस्टमध्ये आठवडाभर पाणी लागलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच कुंड्यांना दिवसाआड लागलं, कारण सोडणाचं मिश्रण मातीपेक्षा लवकर वाळतं. पाऊस चांगला असताना पत्र्याचं पाणी पिंपात धरायचं ठरलं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं आणि पिंपाला घट्ट झाकण लावायचं, नाहीतर डासांना घर मिळतं. शहरात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दहा-बारा कुंड्यांसाठी चार पिंपं भरून ठेवली तरी ती उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत पुरत नाहीत, तेव्हा नळाचं पाणी आहेच. खत सप्टेंबरपासून सुरू केलं : पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही थंडी पडेपर्यंत. जीवामृत तात्या उसालाच घालतात.

दुसरा उन्हाळा गेला तेव्हाचा हिशेब असा. अकरापैकी चार झाडं गेली, दोन कुजून आणि दोन सूत्रकृमीनं. सहा चांगली आहेत, नवी पानं रुंद आणि कडा जवळजवळ स्वच्छ. पत्र्याखालून आणलेल्या चारांची जुनी पानं अजून फाटक्या कडांचीच आहेत, त्याला इलाज नाही, नव्या पानांनी ती झाकली जातील. माडीवरच्या एकट्या झाडाला पाच नवी पानं आली. पाचही स्वच्छ आहेत, तरी ते खाली आणायला मी अजून हो म्हटलेलं नाही. कृमी कोंबाजवळ दडलेला असू शकतो आणि तो आहे की नाही ते एखाद्या पावसाळ्यात पान भिजल्यावरच कळेल. ते धाडस सहा निरोगी झाडांच्या शेजारी करायचं नाही. पागोळीखालच्या रिकाम्या जागेत आजींनी अळू लावलंय. शिंतोडे, सावली, चिखल, सगळं त्याला मानवतं.

वहिनींना आता आणखी चार रोपं घ्यायची आहेत. घ्या म्हटलं, फक्त पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नका. दिवाळीनंतर घ्या. नर्सरीत रोप उचललं की वरची चकचकीत पानं बघत बसू नका, द्रोणात बोट घालून पानांची बुडं बघा. शिरांच्या मधे अडकलेला एक जरी काळा पट्टा दिसला तर ते रोप आणि त्याच्या शेजारची रोपंही तिथंच सोडा. आणलेली रोपं पुढचा पावसाळा संपेपर्यंत माडीवर ठेवा, खालच्यांची कात्री आणि पाण्याचा झारा त्यांना लावू नका.